लग्नात रीलवाला लावला होता, त्याचा पूर्ण अनुभव (आणि आजीच्या उखाण्याचं काय झालं)

मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, कराडला. फोटोवाले, व्हिडिओवाले नेहमीचे होतेच, त्यांच्या जोडीला आम्ही वेगळा रीलवाला पण लावला होता. लग्न ठरलं तेव्हा मी रात्री एक एक वाजेपर्यंत असल्या टीमचे रिव्ह्यू शोधत बसायचे आणि जे सापडायचे ते सगळे "मस्त काम, वेळेत डिलिव्हरी, टीम खूप फ्रेंडली" एवढ्यावर संपायचे. तुमच्या घरातल्या माणसांचे व्हिडिओ पुढे कुठे जातात, कोण टाकतं, कोणाला विचारून टाकतं, यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. आम्हाला ते लग्नानंतर काही दिवसांनी कळलं. म्हणून सविस्तर लिहितेय, लांब होईल, पण ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी वाचाच. टीमचं नाव देत नाहीये कारण पोरं नवीन आहेत, मेहनती आहेत, आणि जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही टीमकडून झालं असतं असं मला आता वाटतं. घरच्या कोणाचं नावही यात नाही, ते का ते वाचल्यावर कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रीलवाला आणि व्हिडिओवाला वेगळे. व्हिडिओवाल्याचा मोठा कॅमेरा असतो, ड्रोन असतो आणि त्याची फिल्म यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर नवरा-नवरी फिरून येऊन आपापल्या ऑफिसला लागलेली असतात आणि कौतुक करणारे पाहुणे पण पांगलेले असतात. रीलवाला सगळं मोबाईलवरच शूट करतो, उभं, आणि त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी एडिट करून हातात देतो. आमच्याकडे दोन पोरं आली होती, दोघांकडे एकेक आयफोन, एक गिंबल (मोबाईल न हलता धरायचा दांडा), एक छोटी लाइट आणि कॉलरला लावायचा बिनवायरचा माइक. हळद आणि लग्न असे दोन दिवस, १० रील्स आणि सगळं रॉ फुटेज म्हणजे न कापलेलं मूळ शूटिंग, मिळून २२ हजार, अर्धे आधी अर्धे नंतर. पुण्यात मी विचारलं होतं तिथे जवळजवळ दुप्पट सांगत होते, शिवाय कराडपर्यंतचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा, त्यामुळे गावातलीच टीम घ्यायची ठरली.

कामाबद्दल आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप होतं. पोरांना लग्नातलं कळत होतं. घाणा कधी भरतात, कासार चुडा भरायला कधी येणार, मामा नवरीला कुठल्या दारातून आणणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला तेव्हा व्हिडिओवाले अजून लाइट इकडून तिकडे करत होते आणि यातला एक पोरगा आधीच खाली बसून अंतरपाटाच्या खालच्या कडेला मोबाईल धरून बसला होता. ती रील मला सगळ्यात आवडते. अंतरपाटाची खालची किनार, अलीकडे बहिणीचे मेंदी लावलेले पाय, पलीकडे जावईबापूंचे पाय आणि त्यांचे अंगठे सारखे हलतायत, वरून अक्षता पडतायत आणि पाटावर टपटप उडतायत, आणि मागे गाणं बिणं काही नाही, फक्त मंगलाष्टकाचं "सावधान" आणि मग अंतरपाट बाजूला होतो आणि चार पायांच्या मधली जागा मोकळी दिसते. एवढंच. जावईबापू एवढे घाबरले होते हे आम्हाला त्या रीलवरून कळलं. आमच्या काकूने रुखवतासाठी खोबऱ्याच्या वाट्या कोरल्या होत्या, महिनाभर संध्याकाळी चाकू घेऊन बसायची, व्हिडिओवाल्याने त्या टेबलावरून कॅमेरा नुसता फिरवून नेला आणि या पोरांनी एकेक वाटी उजेडात धरून नक्षी दाखवली. काकूने ती रील तिच्या भिशीतल्या प्रत्येक बाईला दाखवलीय. वेळेचं म्हणाल तर पाठवणीची गाडी अजून उंब्रजच्या पुढे गेली नव्हती तेव्हा लग्नाची पहिली रील बहिणीच्या फोनवर आलेली होती, ती गाडीत रडत रडत बघत होती.

सगळ्यांशी बोलणं नीट, जेवायला बसवल्याशिवाय बसले नाहीत, बायकांच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय आले नाहीत. हे पण लिहिलं पाहिजे.

ठरलं असं होतं की ते रील त्यांच्या इन्स्टाग्राम पेजवरून टाकतील, बहिणीला कोलॅबची रिक्वेस्ट येईल, तिने ओके केलं की ती दोघांच्या प्रोफाइलवर दिसेल. म्हणजे प्रत्येक रील जायच्या आधी एकदा तिच्या नजरेखालून जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. नऊ रील्स तशाच आल्या. दहावीची रिक्वेस्ट आलीच नाही, ती थेट त्यांच्याच पेजवर गेली, आणि तेव्हा बहीण सासरी, सत्यनारायणाची पूजा, माझं परत पुण्याला यायचं, कोणाचं लक्षच नव्हतं.

ती दहावी रील आजीची होती.

आजी म्हणजे बाबांची आई, ७८ वर्षांची. आजोबा जाऊन १४ वर्षं झाली आणि तेव्हापासून ती कुठल्याही कार्यात पुढे येत नाही, माझ्या स्वतःच्या लग्नात ती पूर्ण हळद स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती आणि तेव्हा आम्ही कोणीच तिला ये म्हणलं नाही, ते मला आता आठवलं की फार लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण तसं करायला सांगितलं, त्यावर आमच्या घरात जेवताना खूप बोलणं झालं होतं आणि बहिणीने तेव्हाच सांगून टाकलेलं, माझ्या लग्नात पहिली हळद आजी लावणार. आईबाबांनी ऐकलं, दोनतीन नातेवाईक कुजबुजले, पण झालं.

हळदीच्या दिवशी आजी पाटाजवळ आली, हातात हळदीची वाटी, आणि आत्याला काय वाटलं कुणास ठाऊक, ती म्हणाली आई नाव घे की. सगळ्या बायका गप्प. आजोबा गेल्यापासून आजीने उखाण्यात नाव घेतलेलं नव्हतं, कोण घ्यायला सांगणार. आजीने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि सुरू केलं, "कृष्णा आली कोयनेच्या भेटीला कराडच्या घाटाला..." आणि थांबली. पदर डोळ्याला लावला. नंतर रॉ फुटेजमध्ये मी मोजलं, ११ सेकंद ती काही बोलली नाही, मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज येतो तेवढाच. मग तिने श्वास घेतला, मान वर केली आणि खणखणीत आवाजात, "...रावांचं नाव घेते, नात बसली हळदीच्या पाटाला!" आणि बहिणीच्या गालाला हळद लावून आम्हालाच म्हणते, "हं, वाजवा की टाळ्या." आम्ही सगळ्या रडत होतो आणि ती हसत होती. पूर्ण क्लिप ५२ सेकंदांची आहे. (आजोबांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, ते तिने तिथे जमलेल्या माणसांसमोर घेतलं होतं.)

रील आली ती १९ सेकंदांची. पहिली ओळ, मग शांतता, मग पदर डोळ्याला, संपलं. मागे उदास पियानो, आणि वर मोठ्या अक्षरात, आजोबांच्या आठवणीने आजीला पुढचं काही सुचलंच नाही, आणि शेजारी तुटलेलं हार्ट.

चार दिवसांत त्याला नऊ लाख व्ह्यूज झाले. मला कळलं ते ऑफिसात, बाजूच्या टेबलवरच्या मुलीने "बघ ना किती इमोशनल" म्हणून स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि तिच्यावर माझी आजी होती. मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. मग कमेंट वाचायला घेतल्या आणि ते करायला नको होतं. हजारो लोकांनी चांगलंच लिहिलं होतं, हात जोडलेले, स्वतःच्या आजीची आठवण काढलेली, ते खोटं नव्हतं. पण "बिचारी" हा शब्द प्रत्येक तिसऱ्या कमेंटमध्ये. कोणी लिहिलंय वय झालं की विसरायला होतं, कोणी लिहिलंय घरच्यांनी व्हिडिओसाठी म्हातारीला रडवलं, आणि मग ते आलेच, विधवेला हळदीला बसवायची हौस कशाला, अपशकुन, अमुक तमुक. त्याच्याखाली दोनशे-तीनशे लोकांची भांडणं. आणि कोणीतरी त्याच शांततेच्या जागी हसण्याचा आवाज लावून विनोदी करून टाकलेलं, ते पण फिरत होतं.

मी त्या पोराला फोन केला तेव्हा तो खरंच खूश होता, त्याला वाटलं मी अभिनंदन करायला फोन केलाय. "ताई, ऑर्गॅनिक आहे सगळं, एक रुपया लावला नाही." मी विचारलं पूर्ण का नाही टाकलास. त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितेय कारण या धंद्यातलं ते खरं बोलणं आहे. म्हणाला, "पूर्ण टाकला की लोक टाळ्या ऐकतात, समाधान होतं, पुढे जातात. रडण्यावर कट केला की परत बघतात आणि कोणालातरी पाठवतात."

आणि त्याचं गणित बरोबर आहे. रील संपली की आपोआप परत सुरू होते, शेवट तुटका असला की माणूस काही सुटलं का म्हणून दुसऱ्यांदा बघतोच. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतः सांगितलंय की रील पुढे सरकवताना ते मुख्यतः तीन गोष्टी बघतात, किती वेळ बघितली, किती लाइक आले आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली, आणि जे तुम्हाला फॉलो करत नाहीत अशांपर्यंत जायचं असेल तर हे पाठवणं सगळ्यात जास्त धरतात. म्हणजे आपण जे प्रेमाने "बघ गं किती गोड" म्हणून बहिणीला पाठवतो ना, त्यानेच ती रील अनोळखी नऊ लाख लोकांकडे जाते. जागेची अडचण म्हणावी तर तीही नाही. जून २०२० च्या शेवटी टिकटॉक बंद झालं आणि दहा दिवसांच्या आत, जुलैच्या सुरुवातीला रील्स आपल्याकडे आल्या, तेव्हा १५ सेकंदांची मर्यादा होती, आता तीन मिनिटांची रील टाकता येते. ५२ सेकंद आरामात बसले असते. ते ३३ सेकंद ठरवून कापले गेले, आणि नेमके तेच ज्यात आजी जिंकते.

माझं सासर धुळ्याचं. नवऱ्याने ती रील बघितली, मग मी त्याला पूर्ण क्लिप दाखवली, तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, कापलेल्या व्हिडिओने काय होतं ते आमच्या जिल्ह्याने बघितलंय. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस, पोरं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून जमावाने पाच माणसं मारली. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्या दिवसांत देशभर पोरं पळवण्याचे जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीतल्या एका संस्थेने लोकांना सावध करायला केलेला होता, दोघे मोटारसायकलवरून येतात, खेळणाऱ्या पोराला उचलतात, आणि शेवटी परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मूल पळवायला क्षणभर पुरतो, लक्ष ठेवा. तो शेवट कापून टाकलेला होता. उरला नुसता पळवण्याचा भाग आणि तोच खरा म्हणून फोनाफोनी गेला. त्यानंतरच, जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि २०२० च्या एप्रिलपासून ज्या मेसेजवर दोन बाण असतात, म्हणजे जो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय, तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. आमच्याकडे तसलं काही झालं नाही, तुलना करत नाहीये, पण नवऱ्याने सांगितल्यापासून मी कुठलाही व्हिडिओ बघितला की पहिला विचार हाच येतो की याच्या पुढे काय होतं. आजीची क्लिप पण शेवटी इंदूरच्या चुलत सासूबाईंकडून आमच्याच फॅमिली ग्रुपवर आली. डोक्यावर ते दोन बाण. त्यांनी खाली लिहिलेलं, कुणाची आजी आहे माहीत नाही पण डोळ्यात पाणी आलं. त्या लग्नाला आल्या नव्हत्या, त्यांना काय माहीत.

आजीकडे स्मार्टफोन नाही. तिला कळलं ते मंडईत. भाजीवाल्या बाईने विचारलं, आजी, तुम्ही मोबाईलमध्ये रडत होता म्हणे, नाव घ्यायला जमलं नाही म्हणे. घरी येऊन तिने आईला काही विचारलं नाही, मला फोन लावायला सांगितला. मला वाटलं रडेल, नाहीतर रागवेल की माझं तोंड जगाला का दाखवलं. तिचं दुखणं वेगळंच होतं. म्हणाली, "म्या पुरा घेतला हुता की गं उखाणा. तू हुतीस न्हवं तिथं? मग त्या बाया जमलं न्हाई असं का म्हणत्यात?"

मी काय सांगणार होते. १४ वर्षांनी बाई उभी राहिली, अडली, सावरली आणि पूर्ण बोलली, आणि नऊ लाख लोकांनी फक्त अडलेली बघितली.

मग मी मागे लागले. आधी कोटेशन काढून बघितलं, जे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं आणि मी "ओके दादा" करून टाकलेलं. त्यात सगळ्यात खाली एक ओळ होती, शूट केलेला कंटेंट आम्ही प्रमोशनसाठी वापरू शकतो. आमचा एक चुलत भाऊ वकील आहे, त्याने सांगितलं ते तुम्ही पण लक्षात ठेवा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतले किंवा फिल्म करून घेतली तर पहिले मालक तुम्ही असता, पण वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. आणि मालक असलात तरी त्या सगळ्यात खालच्या ओळीने वापरायची परवानगी दिलेली होती, त्यावर माझंच ओके होतं. म्हणजे कायद्याने मी त्याच्यावर फार ओरडू शकत नव्हते. तरी मी त्याला फोन केला आणि कायदा सोडून आजीचं वाक्य सांगितलं. तो गप्प झाला. त्याच संध्याकाळी रील काढली. नऊ लाखांची रील काढणं त्याला सोपं नव्हतं, त्या चार दिवसांत त्याच्या पेजला जेवढे लोक जोडले गेले तेवढे आधी वर्षभरात नव्हते, हे पण मी इथे लिहिते.

पण बाकीच्यांनी उतरवून स्वतःच्या पेजवर टाकलेल्या कॉप्या होत्याच. २०२१ च्या आयटी नियमांनी मोठ्या प्लॅटफॉर्मना तक्रार अधिकारी ठेवावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते, तर आम्ही प्रत्येक लिंकची वेगळी तक्रार केली, स्क्रीनशॉट, मूळ फुटेजची तारीख, सगळं लावून. बऱ्याच गेल्या. हसण्याच्या आवाजाची पहिली गेली हे बरं झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी कुठे आणि कशी थांबवणार, ती फिरतेय.

पुढच्या रविवारी तो पोरगा स्वतः घरी आला, कोणी बोलावलं नव्हतं. मी पण कराडलाच होते. आजीच्या पाया पडला, आजीने त्याला चहा दिला आणि समोर बसवून विचारलं, "तुझ्याकडं पुरा हाय का?" त्याने मोबाईल टीव्हीला जोडला आणि ५२ सेकंद लावले. आजी खुर्चीच्या कडेला येऊन बसली. ११ सेकंदांच्या त्या शांततेत तिचे ओठ हलत होते, टीव्हीवरची आजी गप्प होती आणि खुर्चीवरची पुढची ओळ मनात म्हणत होती. मग टाळ्या आल्या. तिने तीन वेळा लावायला सांगितलं. आवाज बरा लागलाय म्हणाली. त्या पोराने खाली बघतच विचारलं, आजी काय करू, टाकू का नको. मला वाटलं नको म्हणेल. ती म्हणाली, "टाक. ज्यांनी अर्धा बघितला त्यांनी पुरा बघू दे. पर कापू नगंस." जाताना त्याला चार मेथीचे लाडू डब्यात बांधून दिले.

त्याने टाकली, न कापता, पियानो न लावता, भांडं पडल्याच्या आवाजासकट. यावेळी बहिणीला रिक्वेस्ट आली आणि तिने आधी आजीला फोन करून मग ओके केलं. त्या रीलला आज दोन महिन्यांनी सात हजार व्ह्यूज आहेत. आमच्या ओळखीतल्या बहुतेक सगळ्यांनी बघितली. मंडईतल्या भाजीवाल्या बाईला आजीने स्वतः आईच्या फोनवर दाखवली, ते मात्र तिने पहिल्याच दिवशी केलं.

आता रेटिंग. शूटिंग आणि एडिटिंगला पाचपैकी पाच, मनापासून. वेळेला पाच. वागण्याला पाच. कुणाचं काय टाकायचं या समजेला तेव्हा एक, आता चार म्हणेन, कारण माझ्या मैत्रिणीच्या भावाने माघात हीच टीम लावली तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारलं, कोणाकोणाला व्हिडिओत घ्यायचं नाही, कोणाला घेतलं तरी पेजवर टाकायचं नाही, आणि प्रत्येक रील जायच्या आधी ग्रुपवर टाकून "चालेल" आल्याशिवाय पुढे पाठवली नाही. ही पद्धत मी सांगितलेली नव्हती, त्यांनीच काढली. मी पैसे पूर्ण दिले आणि परत कार्य निघालं तर यांनाच बोलवेन.

तुम्ही कुठलीही टीम लावा, कोटेशनमधली शेवटची ओळ वाचा आणि नको असेल तर तिथेच लिहून कळवा की घरातल्या माणसाचा चेहरा असलेली कुठलीही रील विचारल्याशिवाय पेजवर जाणार नाही, फोनवर बोललेलं धरू नका, मेसेजमध्येच लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा बसवून सांगा की हे मोबाईल कशासाठी धरलेत, आजीला वाटलेलं तो पोरगा पाहुण्यांपैकीच कुणीतरी आहे आणि आपल्या हौसेने काढतोय. लहान पोरांचं तर वेगळं ठरवाच, हळदीला अर्धी पोरं बनियनवर आणि उघडी फिरत असतात. आणि रॉ फुटेज मागून घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, आमच्याकडे ते नसतं तर ५२ सेकंद कुठून आणले असते. त्याची ड्राइव्हची लिंक ३० दिवसांनी बंद होते, आम्हाला २८ व्या दिवशी आठवलं आणि १४० जीबी उतरवायला घरच्या नेटवर दोन रात्री लागल्या, तेव्हा हार्ड डिस्क लग्नाआधीच आणून ठेवा.